एक तर पुढे जावे, नाही तर मागे सरावे

सूर्यभान मास्तरांना शर्यतीत उतरायचं नव्हतं. त्यांना फक्त शर्यतीचे नियम लिहायचे होते. नियम लिहिणाऱ्या माणसाला ते पाळून दाखवा असं सहसा कुणी म्हणत नाही आणि या भरवशावरच मास्तर निर्धास्त होते. तो भरवसा कसा बुडाला, त्याची ही हकिगत.

एकाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. बेलापूरच्या व्यायामशाळेला पंचवीस वर्षं भरत होती, तेव्हा काहीतरी दणक्यात करायचं ठरलं. कुणी कुस्त्या म्हणालं, कुणी कीर्तन. पण व्यायामशाळेचे कानिफनाथ सर पलटणीतून रिटायर होऊन आलेले, त्यांनी भलतंच काढलं. म्हणाले, तिहेरी शर्यत घेऊ. आधी पाटात पोहायचं, बाहेर आलं की तसंच सायकलवर बसायचं, सायकल टाकली की तसंच पळत सुटायचं.

"मधी चहाबिहा?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही."

तेवढ्यात मागच्या बाकावरून सूर्यभान मास्तर उठले. हे हायस्कूलात नागरिकशास्त्र शिकवायचे. माणसाने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे हे त्यांनी मुलांना शिकवलं होतंच, पण स्वतःच्या परसातसुद्धा ते डाव्या बाजूनेच चालत. त्यांनी विचारलं, "नियम काय?"

"नियम कसले मास्तर? जो आधी पोचला तो पहिला."

मास्तरांच्या अंगावर काटा आला. असल्या शर्यतीत लोक एकमेकांची मुंडकी धरतील, ओल्या चड्डीवर पेठेतून जातील, कुणी उसाच्या बैलगाडीला धरून फुकट ओढत जाईल! तिथल्या तिथे नियम लिहायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं म्हणणं खोटं आहे खरं तर, त्यांनी ते धावत जाऊन घेतलं.

कानिफनाथ सर तोंडाने सांगत होते आणि मास्तर ते छापील मराठीत घालत होते. सायकल चुन्याच्या रेघेपर्यंत हाताने चालवीत न्यावी, रेघ ओलांडल्यावरच टांग मारावी. पोहून येणाऱ्याने सदरा घातल्याशिवाय गावातून जाऊ नये. पोहताना भोपळा, डबा वा अन्य तरंगणारी वस्तू पाठीला बांधू नये. वाटेत कुणाची मदत घेऊ नये, स्पर्धकानेही स्पर्धकाला ती देऊ नये. पलटणीत डोक्याला मार लागू नये म्हणून टोप घालतात असं सर म्हणाले, त्यावर मास्तरांनी लिहिलं की सायकलवर असताना डोक्यास टोपी, पटका अगर फेटा असलाच पाहिजे, उघड्या डोक्याचा इसम बाद. आणि मग सरांनी सांगितलं की लबाड सायकलवाले पुढच्याच्या पाठीला लागून जातात, म्हणजे वारा पुढच्याला लागतो आणि मागचा आरामात. हे ऐकून मास्तर इतके संतापले की त्यांनी ते कलम तीन वेळा खोडून लिहिलं. शेवटी ठरलं ते असं: पुढील सायकलच्या पाठीस लागू नये. चार हातांच्या आत आल्यास एक तर पुढे जावे, नाही तर मागे सरावे.

हे वाक्य मास्तरांना फार आवडलं. घरी येऊन त्यांनी ते राहीबाईंना वाचून दाखवलं. राहीबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "लेकीचं काय करताय ते सांगा आधी."

आता लेकीचं सांगायला हवं, कारण खरा गुंता तिथेच होता. मास्तरांना चांगुणा नावाची एकुलती एक मुलगी. तिला ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आबासाहेबांच्या घरात दिली होती. आबासाहेब म्हणजे उसाचे बागाईतदार, दांडगा माणूस, तालमीत घुमलेला. स्थळ चांगलं, जावई चांगला. घोळ झाला तो लग्नाच्या दिवशी, पंगतीत. मास्तरांनी मांडवाच्या दाराशी फळा टांगला होता आणि त्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, 'जो आधी येईल तो आधी बसेल.' वरात बँडवाल्यांनी रेंगाळत आणली. तोवर मास्तरांकडची पहाटेपासून उपाशी माणसं बसून पहिली पंगत भरली. आबासाहेब नवाकोरा फेटा बांधून मांडवाच्या दारात आले, तेव्हा मास्तर हातात जिलबीचं ताट घेऊन वाढत होते. वर्गात उशिरा आलेल्या पोराला सांगतात तशा आवाजात ते व्याह्यांना म्हणाले, "पुढच्या पंगतीला या."

आबासाहेब खांबाला टेकून उभे राहिले आणि पंगत उठेपर्यंत तसेच उभे राहिले. मांडवपरतणीला चांगुणा माहेरी आली, तेवढीच. त्यानंतर पंचमी आली, दिवाळी आली, मास्तर लेकीला आणायला मूळ पाठवायचे आणि वस्तीवरून निरोप यायचा, "पुढच्या पंगतीला धाडू."

आता चांगुणाला सातवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, याच्यात दुमत असायचं कारणच नाही. पण आबासाहेबांचा सांगावा आला की पोरीच्या बापानं सोता यावं आन् पंगतीचं काय ते बोलावं. मास्तर जाईनात. त्यांचं म्हणणं एकच होतं, "मी नियम मोडला असता तर पाय धरले असते. मी नियम पाळला." संध्याकाळी शाळेतून येताना मात्र पेरूवालीची पाटी दिसली की ते थांबायचे. चांगुणाला पेरू आवडत. घरी दोघंच, पेरू कुणी खात नसे, तरी ते घ्यायचेच. राहीबाई ते पेरू बघायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या.

तर नियमावली व्यायामशाळेच्या भिंतीवर लागली आणि ती वाचायला आठवडे बाजाराच्या दिवशी ही गर्दी. त्या गर्दीत आबासाहेबही होते. त्यांनी नियम वरपासून खालपर्यंत वाचून घेतले आणि भर बाजारात म्हणाले, "लिव्हायला काय लागतंय? दौत आन् टाक. मास्तरला म्हनावं, उतर की पाटात. मी उतरतो." आणि प्रौढांच्या गटात आपलं नाव लावून ते निघून गेले. त्या गटात तोवर एकही नाव नव्हतं. गावातल्या प्रौढांना जिवाची किंमत कळत होती.

मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी नाव दिलं.

"लेकीला आणायला जायचं तर पाय उचलत न्हाईत," राहीबाई म्हणाल्या, "आन् तिच्या सासऱ्याशी शर्यत लावाया निघालाय. बरं, लावा. पन हरा. हात जोडायला जमत नसंल तर निदान हरा. त्यांचं मन निवंल आन् पोर घरी येईल."

"मुद्दाम हरता येत नाही. प्रत्येकाने प्रामाणिकपणे जिंकण्याचा प्रयत्न करावा, असं कलम आहे."

"कुनी लिव्हलं?"

मास्तर सायकल पुसायला गेले.

मग सुरू झाला सराव, आणि सरावाबरोबर छगनराव. छगनराव शेजारी राहायचे, पोस्टात होते. त्यांना पोहता येत नव्हतं, सायकलची त्यांना भीती वाटायची आणि पळताना त्यांना आजवर कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा सल्ला अगदी निःपक्षपाती असायचा. त्यांनी मास्तरांना अंगाला तिळाचं तेल लावायला लावलं, मग पाण्यात हात घसरेल म्हणून ते राखेने घासून काढायला लावलं. रोज सकाळी अनशापोटी मेथीचे लाडू खायला सांगितले आणि चार दिवसांनी म्हणाले, "मेथी पोहणाऱ्याला वर्ज्य असते म्हणतात." छगनरावांचं मत असं पडलं की मास्तरांचं खरं अपयश पोहण्यात वा पळण्यात नसून कपडे बदलण्यात आहे. म्हणून अंगणात दोरीवर लुगडं टाकून आडोसा केला. मास्तर अंगावर बादली ओतून घ्यायचे आणि ओल्या पायांवर पायजमा चढवायला धडपडायचे. ओल्या पायावर पायजमा चढवून बघा एकदा, म्हणजे कळेल. पहिल्याच दिवशी एका पायावर नाचता नाचता ते लुगड्यासकट कोंबड्यांच्या खुराड्यावर गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं आधीच येऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी वर्गात एका पोरीने हात वर करून विचारलं, "सर, आज संध्याकाळी पडणार का?"

मध्येच परवानगीचं लचांड उपटलं. पाटात उतरायला मनाई होती, तसा फलकच होता आणि फलक दिसला की मास्तरांचा पाय पुढे पडत नसे. म्हणून ते आणि कानिफनाथ सर पाण्याच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, "पीक कोणतं?"

"पीक नाही," मास्तर म्हणाले. "पाण्यात पोहायचंय."

"पाणी पिकाला मिळतं. नाहीतर पिण्याला. पिणार का?"

"शक्यतो नाही."

कारकून विचारात पडला. मास्तरांना त्याचा राग आला नाही. उलट नियमाला धरून बसलेला माणूस पाहून त्यांना आतून बरंच वाटलं. शेवटी पिकाच्या रकान्यात 'इतर' असं लिहून काम भागलं. मात्र पाणी सुटणार ते उसाच्या पाळीला, म्हणजे शर्यतीची तारीख पंचांगावर नाही, पाटाच्या आवर्तनावर ठरली, आणि ती नेमकी कडाक्याच्या थंडीत पडली.

शर्यतीच्या दिवशी पाटाच्या भरावावर सगळं गाव लोटलं. तरणी पोरं उड्या मारत होती. प्रौढ गटाचे दोघे मात्र एकमेकांकडे पाठ करून उभे होते. शिटी झाली. आबासाहेब विहिरीत पोहून वाढलेले, त्यांनी सूर मारला आणि ते गेलेच. मास्तर लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले होते आणि भोपळ्याला त्यांनी स्वतःच बंदी घातली होती. ते पायरी पायरीने उतरले, देवाचं नाव घेतलं आणि हात सोडले. पुढचं काम पाटाने केलं. पाणी जोरात होतं, ते मास्तरांना घेऊन निघालं. मास्तर अधूनमधून हात मारत होते, पण ते काठावरच्या लोकांना वाईट वाटू नये म्हणून. पुलाशी पोरांनी टाकलेल्या दोराला धरून ते वर आले तेव्हा त्यांचे दात इतके वाजत होते की कानिफनाथ सरांना आपलं नाव सांगायलाही त्यांना वेळ लागला.

कपडे बदलण्याच्या जागी तरणी पोरं सदरे अंगात कोंबून पसार झाली होती. मास्तरांनी ओली चड्डी पिळली, घडी घातली, पिशवीत ठेवली, भांग पाडला, टोपी घातली. छगनराव दोरीपलीकडून केस उपटत होते. पण मास्तरांच्या नशिबाने आबासाहेबही तिथेच अडकले होते. डोकं झाकण्याचा नियम! आबासाहेब टोपी कधी घालत नसत आणि फेटा आयता बांधून आणावा हे त्यांना सुचलं नव्हतं. ओल्या डोक्यावर, गारठलेल्या हातांनी ते तो लांबलचक फेटा गुंडाळत होते. कसाबसा बांधून, मास्तरांकडे न बघता, ते लेकाच्या सायकलवर बसून निघाले. थोड्या वेळाने मास्तर निघाले.

रस्ता राहुरीच्या अंगाने जात होता. ओढा ओलांडला की आबासाहेबांची वस्ती, तिच्यापुढे वळायची जागा, मग परत गावात येऊन पळायचं. उसाच्या गाड्यांची रांग लागलेली. चिपाडं तुडवत, बैलांच्या शिंगांना चुकवत मास्तर चालले होते. सायकल हे त्यांचं रोजचं वाहन. आबासाहेब मात्र बैलगाडी सोडून दुसऱ्या कशावर फारसे बसलेले नव्हते. त्यामुळे थोड्याच वेळात गुलाबी फेटा मास्तरांना पुढे दिसायला लागला आणि मग झपाझप जवळ येत गेला.

आणि तेव्हा मास्तरांच्या लक्षात आलं की आपण केवढ्या पेचात सापडलो आहोत.

पुढे जावं, तर मुलीचा बाप मुलाच्या बापाला मागे टाकून भर रस्त्याने, त्यांच्याच वस्तीवरून, त्यांच्या सगळ्या माणसांदेखत पुढे जाणार. पंगतीचं अजून निस्तरलं नव्हतं. आता हे झालं तर चांगुणाचं बाळंतपण काय, बारसंसुद्धा पुढच्या पंगतीला. बरं, मागे राहावं, तर चार हातांच्या आत राहणं हा गुन्हा. आणि मागे सरावं, तर ते मुद्दाम हरणं झालं. दोन कलमं दोन्ही बाजूंनी त्यांच्यावर धावून आली आणि दोन्ही त्यांचीच. नियम करताना आपण माणसं धरली होती, व्याही धरला नव्हता, असं त्यांना वाटलं. जगातल्या सगळ्या नियमावल्यांत हीच गफलत असावी, असाही एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"मागं कोन हाय?" आबासाहेबांनी मान न वळवता विचारलं.

"मी."

"मग पुढं जावा की. नियम हाय न्हवं तुमचा."

"नाही."

"मग मागं सरा."

"सरतोय," म्हणून मास्तरांनी पाय थांबवले. पण आबासाहेबही चिडून थांबल्यासारखे झाले आणि अंतर होतं तेवढंच राहिलं. आबासाहेब रस्त्याच्या कडेला पाय टेकून उभे राहिले. मास्तरही पाय टेकून उभे राहिले. उसाचा गाडीवान बैलं थांबवून बघायला लागला.

"मेहेरबानी नगं मला," आबासाहेब समोर बघत म्हणाले. "दिल्याला मान म्हनत न्हाईत, मास्तर. पुढं जावा."

"तुम्ही निघा आधी."

वळून परत येणारी तरणी पोरं शिट्ट्या मारत दोघांच्या अंगावरून गेली. शेवटी आबासाहेब वैतागून निघाले. मास्तर मनातल्या मनात चार हात मोजत मागे निघाले.

तिथून ओढ्याकडचा उतार लागतो. आबासाहेबांची सायकल धावायला लागली. त्यांनी ब्रेक दाबला आणि कटकन तार तुटली. आबासाहेबांनी दोन्ही हातांनी हँडल गच्च धरलं. त्याच वेळी मास्तरांना दिसलं की घाईने बांधलेला फेटा सुटत चालला आहे. मागे सोडलेल्या टोकाचा शेमला पाठीवरून घसरत खाली आला, वाऱ्यावर फडफडला आणि मागच्या चाकाशी आला. एकदा का तो आऱ्यांमध्ये गेला असता तर माणूस मागच्या मागे उताणाच. आणि समजा तसं न होता फेटा नुसताच उडाला असता, तर ओढ्यापलीकडे कुंपणाशी वस्तीवरची सगळी माणसं उभी होती, सून उभी होती. आबासाहेबांसारख्या माणसाचं डोकं सुनेदेखत उघडं पडणं, हे पडण्यापेक्षा हलकं नव्हतं.

मास्तरांना या वेळी कुठलंच कलम आठवलं नाही. त्यांनी पायंडल मारलं, चार हातांचा एक हात केला, एका हाताने आपलं हँडल धरलं आणि दुसऱ्याने शेमला पकडला.

"सोडू नगा!" आबासाहेब ओरडले. कुणी धरलंय हे त्यांना वळून बघायची गरज नव्हती.

"धरलाय! तुम्ही समोर बघा!"

अशी ती जोडी उतारावरून सुटली. पुढे आबासाहेब, मागे एका हातावर सायकल सांभाळत त्यांच्या फेट्याचं टोक उचलून धरलेले मास्तर. ओढ्यातलं गुडघाभर पाणी उडवत ती पार झाली आणि पलीकडच्या वाळूत रुतून एकदाची थांबली. दोघे पडले, पण अलगद. फेटा डोक्यावरच होता.

कुंपणाशी कुणी हसलं नाही. आबासाहेबांपुढे हसायची कुणाची टाप नव्हती. मग एक हसू फुटलं, पदर तोंडाशी दाबला तरी न आवरणारं. ते चांगुणाचं होतं. हसता हसता ती रडायलाच लागली.

मागून कानिफनाथ सर फटफटीवरून आले. ते पंच. त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि त्यांना फार अवघड वाटत होतं. "मास्तर, तुम्ही... म्हणजे जवळ राहिलात, मदतही केलीत."

"बाद," मास्तर वाळू झाडत म्हणाले. "कलम बरोबर लागतं."

"आन् मी?" आबासाहेबांनी विचारलं.

"तुम्ही मदत घेतली."

"घेतली न्हाई. त्येंनी दिली!"

सरांनी मास्तरांकडे पाहिलं, कारण अर्थ लावायचा अधिकार अजून त्यांचाच होता. मास्तर म्हणाले, "त्यांनी मागितली नव्हती. त्यांची शर्यत चालू आहे."

आबासाहेबांनी सायकल उचलली, रस्त्यावर आणली आणि हँडल धरून तसेच उभे राहिले. गटात आता ते एकटेच. नुसते चालत गेले असते तरी पहिले आले असते. मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते लेकीकडे बघत होते. तिचे पाय सुजले होते, चेहरा भरला होता आणि ती तिच्या आजीसारखी दिसायला लागली होती. हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगणार कोण, आपण आलोच नाही.

"आबासाहेब," ते म्हणाले, "मी काही इथं यायचं म्हणून निघालो नव्हतो. शर्यतीची वाट इकडून होती. पण आता आलोय, तर मागतो. लेकीला बाळंतपणाला पाठवा."

"पंगतीचं बोला."

"नियम बरोबर होता," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नसे. "पण तुम्हाला उभं ठेवून मी दुसऱ्यांना वाढत राहिलो, ते बरोबर नव्हतं. मी नुसतं फळ्याकडे बघितलं. तुमच्याकडे बघितलंच नाही."

आबासाहेब बराच वेळ फेट्याचं टोक खोचत राहिले. मग एकदम म्हणाले, "मानाचं घाला चुलीत. मला भूक लागली हुती! आदल्या राती उपास, सकाळधरनं पोटात कन न्हाई, आन् समोर तुमी जिलब्या वाढताय. जिलबीकडं बघत बघत हुबा ऱ्हायलो, व्याही! आन् हे कुनाला सांगायचं? मान दुखावला म्हनून सांगता येतं, भूक लागली म्हनून कसं सांगायचं?"

लग्नानंतर त्यांच्या तोंडून 'व्याही' हा शब्द पहिल्यांदाच निघाला होता. मास्तरांनी आबासाहेबांचे दोन्ही हात धरले. चांगुणाच्या सासूबाई गोजरबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "हुबं का? ट्रंक महिन्यापास्नं भरून ठिवलीय पोरीची. मी म्हनतेय, ह्यो मानूस कवा ठिकाणावर येतोय!" त्या कोणत्या माणसाबद्दल बोलत होत्या, हे दोघांनीही विचारलं नाही.

"सायेब," आबासाहेबांनी कानिफनाथ सरांना सांगितलं, "माजंबी नाव काडून टाका."

दमणीला बैल जुंपले. आत गादी टाकली, चांगुणाला बसवलं. गचके बसू नयेत म्हणून बैल सावकाश हाकायला सांगितले आणि दोघे व्याही दमणीच्या बरोबरीने पायी निघाले. तेवढं चालणं दोघांनाही जड जात होतं. आबासाहेबांच्या पायाला लचक होती, मास्तरांचे गुडघे गेले होते. ओढा चढून आल्यावर चांगुणा आतून म्हणाली, "तुम्ही दोघं बसा ना आत," पण दोघांनी एकदमच नाही म्हटलं. वाटेत आबासाहेब यंदाच्या उसाचं सांगत होते, तोड लांबल्याचं, पाण्याची पाळी चुकल्याचं. मास्तर सगळं ऐकत होते आणि मधूनमधून दमणीत डोकावत होते.

गावात पोचले तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती. मांडव सोडायचं काम चाललं होतं. पेठेतून मास्तरांच्या गल्लीकडे वळताना आबासाहेब थांबले. गल्ली अरुंद, दोघांना बरोबरीने जाता येईना. मास्तर सवयीने मागे सरले.

"पुढं व्हा, व्याही," आबासाहेब म्हणाले. "घर तुमचं, लेक तुमची. मी येतो मागनं."

मास्तर पुढे गेले आणि त्यांनी दार ढकललं. राहीबाई पीठ माखलेल्या हातांनी बाहेर आल्या. नवऱ्याकडे पाहिलं, वाळूने भरलेला पायजमा पाहिला आणि बोलायला तोंड उघडलं, तोच गल्लीत दमणी थांबली. राहीबाई आत पळत गेल्या, भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. मास्तर उंबऱ्यातच उभे होते. बाळंतपणाला आलेल्या लेकीने आधी कोणता पाय टाकायचा, तुकडा कोणत्या बाजूने ओवाळायचा, याबद्दल त्यांना नक्की काहीतरी माहीत होतं.

"सरा बाजूला," राहीबाई म्हणाल्या.

मास्तर बाजूला झाले आणि चांगुणा उंबरा ओलांडून आत आली.